रक्त पातळच्या गोळ्या चालू आहेत आणि हार्टचं ऑपरेशन ठरलंय: ब्लीडिंग कमी व्हावं म्हणून घरापासून आयसीयूपर्यंत काय काय करायचं

हार्टच्या ऑपरेशनमध्ये पेशंटचं किती रक्त जाणार हे बरंचसं टेबलावर घ्यायच्या आधीच ठरलेलं असतं, आणि ते ठरतं घरातल्या गोळ्यांच्या डब्यात. मी परफ्युजनिस्ट आहे, म्हणजे सर्जन हृदय थांबवतात तेव्हा शरीराला रक्त पुरवणारं हार्ट-लंग मशीन चालवणारा माणूस. कोल्हापुरात काम करतो, पेशंट कागल, गडहिंग्लज, राधानगरी, गगनबावड्यापासून येतात, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या नातेवाईकांना तेच तेच प्रश्न पडलेले असतात, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून टाकतोय. एक गोष्ट आधीच सांगतो, खाली दिवसांचे आकडे दिलेत ते समजून घ्यायला आणि डॉक्टरांना नीट विचारता यावं म्हणून, वाचून स्वतःच गोळी बंद करायला अजिबात नाहीत.

आधी थोडं समजून घ्या म्हणजे पुढचं डोक्यात बसेल. आपल्याकडचा केटी बंधारा सगळ्यांनी बघितलाय, पाणी अडवायला आधी बरगे घालतात आणि मग फटीत माती भरतात. रक्त थांबताना तसंच होतं, आधी प्लेटलेट जाऊन जखमेवर बसतात, मग फायब्रिन नावाची जाळी त्यांना घट्ट धरते. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल, टिकाग्रेलॉर या गोळ्या प्लेटलेटना बसू देत नाहीत. वॉरफेरिन, ॲसिट्रॉम, डॅबिगाट्रान, रिव्हरॉक्साबॅन, ॲपिक्साबॅन या जाळी होऊ देत नाहीत. लोक दोन्हीला 'रक्त पातळची गोळी' म्हणतात पण दोन्हीचा हिशोब पूर्ण वेगळा, टेस्ट वेगळी, उतारा वेगळा. आयएनआर (वॉरफेरिनसारख्या गोळीनं रक्त किती पातळ झालंय हे सांगणारी टेस्ट) नॉर्मल आला म्हणून क्लोपिडोग्रेलचा असर गेला असं होत नाही, आयएनआरला ती गोळी दिसतच नाही.

पहिलं काम: डबा रिकामा करून सगळ्या स्ट्रिप बघा

प्रिस्क्रिप्शनचा कागद नको, स्ट्रिपच आणा. कारण कागदावर नाव असतं कंपनीचं आणि आपल्याला हवंय आतलं औषध. स्ट्रिप उलटी करा, मागं बारीक अक्षरात घटक छापलेले असतात, मोबाईलचा टॉर्च लावून फोटो काढा आणि मोठा करून वाचा. उदाहरणार्थ इकोस्प्रिन गोल्ड, घरात तिला बरेचजण 'कोलेस्टेरॉलची कॅप्सूल' म्हणतात, पण मागं वाचलं तर तीन औषधं सापडतील, ॲस्पिरिन, ॲटॉरवास्टॅटिन आणि क्लोपिडोग्रेल. आता घरच्यांना कुणी सांगितलं की क्लोपिडोग्रेल बंद करा, तर ते डब्यात क्लोपिडोग्रेल नावाची स्ट्रिप शोधतात, सापडत नाही, आणि कॅप्सूल रोज चालूच राहते. उलटंही होतं, कॅप्सूल बंद केली की तिच्याबरोबर ॲस्पिरिन आणि स्टॅटिनही बंद होतं जे चालू ठेवायचं होतं. म्हणून असल्या कॉम्बिनेशनच्या गोळीचं काय करायचं, तिच्याऐवजी सुट्ट्या कुठल्या लिहून देताय, हे डॉक्टरांना सरळ विचारा.

त्याच्याबरोबर बाकीचंही लिहा. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन, लसणाच्या कॅप्सूल, फिश ऑइल, हळदीच्या कॅप्सूल, कुणी सुचवलेला काढा, सगळं. स्वयंपाकातल्या लसणाचं किंवा हळदीचं टेन्शन नको, रस्सा खाल्ला म्हणून रक्त पातळ होत नाही, प्रश्न फक्त अर्काच्या कॅप्सूलचा आहे.

आणि प्रत्येक रक्त पातळच्या गोळीपुढं लिहायचं: शेवटची कधी घेतली, तारीख आणि वेळ. 'परवा' नाही, 'सोमवारी रात्री ९ वाजता' असं. आमच्यासाठी अख्ख्या फाईलमधली सगळ्यात किमती ओळ तीच असते.

इथंच एक खास आपल्या भागातली गोष्ट. छातीत दुखायला लागलं की माणूस आधी गावातल्या नाहीतर तालुक्याच्या दवाखान्यात जातो, तिथं डॉक्टर लगेच लोडिंग डोस देतात आणि ते बरोबरच आहे, त्यानं जीव वाचतो. क्लोपिडोग्रेल ७५ च्या चार गोळ्या एकदम म्हणजे ३००, किंवा टिकाग्रेलॉर ९० च्या दोन म्हणजे १८०, वर ॲस्पिरिन, पोटात हेपरिनच्या जातीचं, रक्त गोठू न देणारं इंजेक्शन, कधी गुठळी विरघळवायचं स्ट्रेप्टोकायनेज किंवा टेनेक्टेप्लेज. मग कोल्हापुरात येऊन अँजिओग्राफी होते, हृदयाच्या तिन्ही नळ्या बंद निघतात आणि बायपास सांगतात. आता विचारलं की तिकडं काय दिलं, तर उत्तर येतं, "चार गोळ्या दिल्या बघा आन् पोटात एक सुई मारली." कुठल्या गोळ्या ते कुणालाच माहीत नसतं, आणि क्लोपिडोग्रेल की टिकाग्रेलॉर यावर थांबायचे दिवस बदलतात. म्हणून रेफर होताना कितीही घाई असली तरी चिठ्ठीवर औषधाचं नाव, डोस आणि वेळ लिहून घ्या, ॲम्ब्युलन्सचं दार लावायच्या आधी. तालुक्याचे डॉक्टर वाचत असतील तर त्यांनाही हीच विनंती.

दुसरं: कुठली गोळी किती आधी थांबते

ॲस्पिरिन. बायपासच्या पेशंटची ७५ किंवा १५० ची ॲस्पिरिन बहुतेक वेळा ऑपरेशनपर्यंत चालूच ठेवतात. हे नातेवाईकांना पटत नाही, त्यांना वाटतं रक्त पातळ म्हणजे सगळंच बंद. पण तिनं थोडं जास्त ओघळलं तरी ते सांभाळता येतं, आणि नवीन जोडलेली नळी उघडी राहायला ती लागते. फक्त झडपेचं ऑपरेशन असेल आणि नळ्या स्वच्छ असतील तर सर्जन वेगळं सांगू शकतात.

क्लोपिडोग्रेल साधारण ५ दिवस आधी, प्रासुग्रेल ७ दिवस, टिकाग्रेलॉर किमान ३ दिवस. क्लोपिडोग्रेल आणि प्रासुग्रेल प्लेटलेटला कायमचं निकामी करतात, प्लेटलेटचं आयुष्य असतं ७ ते १० दिवस, म्हणून नवीन तयार होईपर्यंत वाट बघायला लागते. टिकाग्रेलॉर सुटून जातं म्हणून दिवस कमी लागतात. कुठं कुठं प्लेटलेट फंक्शनची टेस्ट होते, ती चांगली आली तर एवढंही थांबायला लागत नाही.

वॉरफेरिन साधारण ५ दिवस. ॲसिट्रॉम शरीरातून लवकर उतरतं म्हणून साधारण ३ दिवस. दोन्हीत आदल्या दिवशी आयएनआर करायचा, १.५ च्या खाली हवा. वर राहिला तर व्हिटॅमिन के देऊन खाली आणतात, पण त्याला तास लागतात, म्हणून टेस्ट ऑपरेशनच्या सकाळी नको, आदल्या दिवशीच करून घ्या.

रिव्हरॉक्साबॅन, ॲपिक्साबॅन, डॅबिगाट्रान किडनी चांगली असेल तर साधारण २ ते ३ दिवस. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर जास्त, आणि डॅबिगाट्रानला तर फारच फरक पडतो कारण ती मुख्यतः किडनीवाटेच बाहेर जाते. वय झालेल्या, बारीक अंगाच्या, शुगर असलेल्या पेशंटचा ताजा क्रिएटिनिनचा रिपोर्ट असल्याशिवाय या गोळीचे दिवस ठरवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरं, आणि यावर मी सगळ्यात जास्त जोर देतो: दिवस तारखेपासून मागं मोजा

काय होतं, डॉक्टर म्हणतात पुढच्या आठवड्यात ऑपरेशन करू, घरी आल्यावर लगेच आण्णांच्या गोळ्या बंद. मग महात्मा फुले योजनेची मंजुरी यायला वेळ लागतो, नाहीतर खोकला होतो, बेड मिळत नाही, घरात काहीतरी निघतं, आणि तारीख दहा दिवस पुढं. आण्णा मात्र तेवढे दिवस गोळीशिवाय. ज्याच्यासाठी गोळी दिली होती तो धोका तर तसाच आहे, स्टेंट असेल तर तो बंद पडू शकतो, मेटलची झडप असेल तर तिच्यावर गुठळी होऊ शकते, एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे हृदयाचे अनियमित ठोके असतील तर लकवा मारू शकतो. ब्लीडिंग वाचवायच्या नादात हे होता कामा नये. म्हणून मंजुरी आणि तारीख दोन्ही पक्की झाल्यावर मागं मोजायचं, आणि तारीख सरकली की त्याच दिवशी फोन करून विचारायचं, गोळी परत चालू करू का.

पावसाळ्यात याचा अजून एक भाग आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ ला धोका पातळी गाठते, तेव्हा गगनबावड्याकडचे, पन्हाळ्याकडचे बरेच रस्ते पाण्याखाली गेलेले असतात. गोळी बंद केलेला पेशंट पलीकडं अडकला तर पंचाईत. जुलै-ऑगस्टची तारीख असेल तर दोन-चार दिवस आधीच शहरात पाहुण्यांकडं येऊन राहा, गोळी शहरात आल्यावर थांबवा.

ज्यांना अलीकडंच स्टेंट बसलाय, विशेषतः गेल्या काही महिन्यांत, त्यांनी ॲस्पिरिनबरोबरची दुसरी प्लेटलेटची गोळी थांबवायच्या आधी ज्यांनी स्टेंट टाकला ते कार्डिओलॉजिस्ट आणि सर्जन यांचं एकमेकांशी बोलणं झालंय का हे विचारायचंच. कधी पेशंटला ॲडमिट करून गोळीच्या जागी थोडा वेळच टिकणारं ड्रिप देतात, टिरोफिबान किंवा कँग्रेलॉर, जे ऑपरेशनच्या काही तास आधी बंद करता येतं. मेटलच्या झडपेचंही तसंच, ॲसिट्रॉम थांबवून मधल्या दिवसांत हेपरिन. पोटातलं इनोक्सापॅरिन असेल तर शेवटचा डोस साधारण २४ तास आधी, शिरेतलं हेपरिन असेल तर ४ ते ६ तास आधी बंद. हे घरी करायचं ठरलं तर सुई कोण मारणार, किती वाजता, कागदावर लिहून घ्या.

चौथं: हिमोग्लोबिन

रक्त कमी जावं म्हणून सगळे धडपडतात पण मुळात अंगात रक्त किती आहे हे बघायचं राहून जातं. ९ हिमोग्लोबिनवर टेबलावर आलेल्या माणसाला मशीनवर घेतलं की पाइपातलं सलाइन मिसळून ते अजून खाली येतं, त्याला रक्ताची बाटली लागणारच. तोच माणूस १२ वर आला असता तर कदाचित एकही लागली नसती. आपल्याकडं गूळ-शेंगदाणे, खजूर, बीट चालू करतात, खायला चांगलंच आहे, पण दोन आठवड्यांत त्यानं हिमोग्लोबिन वर येत नाही. फेरिटिनची म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याची टेस्ट करून लोह कमी असेल तर लोहाच्या गोळ्या, आणि दिवस कमी असतील तर शिरेतून लोहाचं इंजेक्शन, हे डॉक्टरांना विचारा. योजनेच्या मंजुरीला जे दिवस जातात ते याच कामाला लावा. आणि लोह कमी का झालं हेही विचारा, रक्त पातळच्या गोळ्यांवर असलेल्या माणसाला शौचावाटे हळूहळू रक्त जात असतं आणि काळी शी झाली तरी तो कुणाला बोलत नाही.

पाचवं: रक्तपेढी

आपल्या तालीम आणि तरुण मंडळांचं एक बरं आहे, हाक मारली की डोनर गोळा होतात. पण सगळ्यांना ऑपरेशनच्या सकाळी आणू नका. रक्ताच्या तपासण्या, घटक वेगळे करणं याला वेळ लागतो, दोन-तीन दिवस आधी डोनेशन झालेलं बरं. वय १८ ते ६५, वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन निदान १२.५, मागच्या डोनेशनला पुरुषांना ३ महिने आणि बायकांना ४ महिने झालेले हवेत. डोनरनं दोन-तीन दिवसांत ॲस्पिरिन किंवा अंगदुखीची गोळी घेतली असेल तर सांगावं, असल्या प्लेटलेटचा उपयोग होत नाही. प्लेटलेट ५ दिवसच टिकतात, म्हणून पेशंट क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉरवर होता हे रक्तपेढीच्या फॉर्मवर आधीच आलं पाहिजे, म्हणजे त्या दिवशी ताजे प्लेटलेट शिल्लक ठेवता येतात.

आत काय होतं

मशीनवर घ्यायचं तर रक्त पाइपात गोठता कामा नये, म्हणून आधी हेपरिन देतो, किलोला साधारण ३०० ते ४०० युनिट. मग एसीटी नावाची टेस्ट, छोट्या ट्यूबमध्ये रक्त घालून मशीनमध्ये ठेवायचं, ते गोठेपर्यंतचे सेकंद मोजायचे. नॉर्मल माणसाचे शंभर-सव्वाशे येतात, आम्हाला ४८० च्या वर लागतात, त्याशिवाय मी पंप सुरू करत नाही. जे पेशंट चार-पाच दिवस हेपरिनच्या ड्रिपवर होते त्यांच्यात कधीकधी नेहमीचा डोस देऊनही आकडा वर चढत नाही, अजून हेपरिन नाहीतर प्लाझ्मा द्यायला लागतो. म्हणून ड्रिपचे दिवसही फाईलवर हवेत.

छातीवर चीर घ्यायच्या आधीपासूनच ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड चालू करतात. जपानमध्ये उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी १९६२ मध्ये शोधलेलं हे स्वस्त औषध, पाळीत जास्त जात असेल तर बायकांना देतात तेच. तयार झालेली गुठळी ते विरघळू देत नाही. डोस मात्र मापात, जास्त झालं तर झटके येऊ शकतात.

बाकी आमच्या हातातल्या गोष्टी अशा: पाइप जेवढे आखूड तेवढं सलाइन कमी मिसळतं. शक्य असेल तर पेशंटचंच रक्त मागं घेऊन पाइप भरतो. जखमेतलं रक्त सेल सेव्हरमध्ये ओढून, धुऊन परत देता येतं, त्यात फक्त लाल पेशी परत येतात, प्लेटलेट नाहीत हे लक्षात ठेवायचं. शरीर गार असेल तर गुठळी नीट होत नाही म्हणून मशीनवरून काढायच्या आधी नीट गरम करतो. काही बायपास मशीनशिवाय, धडधडत्या हृदयावर होतात, भारतात ते बरंच होतं, रक्त पातळ झालेल्या पेशंटला त्याचा फायदा मिळू शकतो पण तो निर्णय सर्जनचा.

शेवटी हेपरिनचा उतारा, प्रोटामिन, हळूहळू. हे माशांपासून काढतात, म्हणून मासे खाल्ल्यावर अंगाला पित्त उठत असेल तर भूलतज्ज्ञांना आधी सांगा. प्रोटामिन जात असताना बघण्यासारखं असतं, इतका वेळ टाक्यांच्या बारीक भोकांतून झिरपत असतं, आणि छातीच्या खळग्यात जिथं नुसतं पातळ रक्त साचत होतं तिथं पहिली गुठळी दिसते, गडद, थरथरणारी. ती दिसली की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. ती दिसत नसेल तर सर्जन आधी टाके तपासतात, आणि मग अंदाजानं बाटल्या लावण्याऐवजी टीईजी किंवा रोटेम ही गुठळी कशी होते ते दाखवणारी मशीन असेल तर त्यावर बघतात कमी काय आहे, प्लेटलेट कमी तर प्लेटलेट, फायब्रिनोजेन (ज्याच्यापासून फायब्रिनची जाळी होते) कमी तर क्रायो, म्हणजे रक्ताचा तो असलेला घटक, कॅल्शियम कमी तर कॅल्शियम.

थांबायला वेळच नसेल तर

मेन नळीच बंद, बीपी पडतंय, दिवस मोजत बसता येत नाही. तेव्हा गोळी अंगात असतानाच ऑपरेशन करायला लागतं. वॉरफेरिन-ॲसिट्रॉमला व्हिटॅमिन के आणि पीसीसी नावाचं गोठवणारे घटक असलेलं इंजेक्शन किंवा प्लाझ्मा. डॅबिगाट्रानला इडारुसिझुमॅब हा थेट उतारा आहे. रिव्हरॉक्साबॅन-ॲपिक्साबॅनचा उतारा अँडेक्सानेट हेपरिनलाही चालू देत नाही, मग मशीनवर जाणं धोक्याचं, म्हणून ऑपरेशनच्या आधी तो टाळतात. टिकाग्रेलॉर ताजं असेल तर दिलेल्या प्लेटलेटही नीट काम करत नाहीत कारण रक्तात फिरणारं औषध त्यांनाही पकडतं. अशा वेळी सर्जन म्हणाले की एक दिवस तरी थांबू, तर ते टाळाटाळ करत नाहीत, त्या एका दिवसानं खरंच फरक पडतो. आणि थांबता येत नाही म्हणाले तर सही करायला पाहुण्यांची वाट बघू नका.

आयसीयूत

रक्त बाहेर यायला छातीतून नळ्या बाहेर आणलेल्या असतात, त्यातून लाल येणारच, बघून घाबरू नका. सिस्टर दर तासाला मोजतात. तासाला २०० मिलीच्या वर सलग काही तास येत राहिलं तर परत उघडून बघायचा विचार होतो. परत नेलं म्हणजे काहीतरी चुकलं असं नाही, वेळेत नेणं हेच चांगलं. उलट येणारं रक्त अचानक पूर्ण थांबलं आणि बीपी पडायला लागलं तर ते जास्त वाईट, नळी तुंबून हृदयाभोवती रक्त साचलेलं असू शकतं.

हिमोग्लोबिन ८ आलं की नातेवाईक बाटली लावा म्हणून मागं लागतात. २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात ७.५ च्या खाली जाईपर्यंत थांबलेले पेशंट सढळ हातानं रक्त दिलेल्यांइतकेच बरे राहिले. डॉक्टर थांबत असतील तर थांबू द्या.

घरी जाताना

ॲस्पिरिन बहुतेक ६ ते २४ तासांतच परत चालू होते. दुसरी प्लेटलेटची गोळी चालू करायची का, कधीपर्यंत, हे डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या. मेटलची झडप बसली असेल तर ॲसिट्रॉम किंवा वॉरफेरिन आयुष्यभर, त्याच्या जागी नवीन गोळ्या चालत नाहीत. डॅबिगाट्रानचा अभ्यास २०१२ मध्ये याच कारणानं थांबवला होता. सांधेवाताच्या तापानं झडप आखडलेल्या आणि ठोके अनियमित असलेल्या पेशंटमध्येही वॉरफेरिनच्या जातीचीच गोळी बरी ठरली, हे २०२२ मध्ये दिसलं. आयएनआर महाधमनीच्या झडपेला साधारण २.५ आणि मायट्रलला ३ च्या आसपास, तुमचा आकडा कार्डवर लिहिलेला हवा. सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीनदा टेस्ट, मग अंतर वाढवतात. पालक, मेथी, कोबी बंद करायची गरज नाही, रोजचं प्रमाण सारखं ठेवा. सर्दी-तापाला कुठलीही ॲन्टिबायोटिक चालू झाली की दोन-चार दिवसांत आयएनआर करा.

घरी पोचल्यावर पहिलं काम, जुन्या स्ट्रिप डब्यातून काढून टाका. नवीन कार्डावर इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेल सुट्ट्या लिहिल्यात आणि डब्यात जुनी इकोस्प्रिन गोल्ड पडलीय, दोन्ही चालू झाल्या की डोस दुप्पट. काळी शी, लघवीतून रक्त, हिरड्यांतून न थांबणारं रक्त, नाहीतर छातीची जखम परत ओली झाली तर त्याच दिवशी फोन करा. आणि गोळी चालू असलेला माणूस गाडीवरून पडून डोक्याला लागलं असेल, तर रक्त दिसो ना दिसो, थेट सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात न्या, आणि केसपेपर काढायच्या आधीच तिथल्या डॉक्टरांना सांगा की ॲसिट्रॉम चालू आहे, शेवटची गोळी काल रात्री ८ ला घेतलीय.